मासिक कोण लिहिते?

मराठी घरात मासिक येऊ लागले त्याला आता सव्वाशे वर्षे होऊन गेली. मासिक म्हणताना वाङ्मयचर्चेला वाहिलेली नियतकालिके माझ्या डोळ्यांपुढे नाहीत. ज्यात गोष्ट असते, कविता असते, आरोग्यावर एखादा लेख असतो, परदेशची हकीकत असते, विणकामाचा नमुना असतो आणि मध्येच एक विनोदी चित्र असते. जे आजोबांपासून सुनेपर्यंत सर्वांच्या हातून फिरते आणि शेवटी पोरांच्या तावडीत सापडून ज्याचे मुखपृष्ठ निखळते, त्या घरगुती मासिकाविषयी मला बोलायचे आहे. अशा मासिकाची अनुक्रमणिका आपण पाहतो. तीत पंचवीसतीस नावे असतात. ही सारी लेखक मंडळी, एवढे आपण गृहीत धरतो आणि पान उलटतो. परंतु लेखन हा त्यांतल्या बहुतेकांचा धंदा नसतो. सकाळी दहा वाजता ही माणसे कोठे असतात? कोणी कचेरीत खर्डेघाशी करीत असतो, कोणी कोर्टात उभा असतो, कोणी शाळेत फळ्यासमोर असतो, तर कोणी चुलीसमोर. मासिकात गोळा होते ते या जागांवरचे अनुभव. संपादकाची भाषा कितीही फर्डी असली, तरी मासिकाची खरी श्रीमंती त्याची माणसे किती निरनिराळ्या जागांवरून आली आहेत यावर ठरते, असे माझे मत आहे. आणि कोणत्या जागांवरून कोणीच आले नाही, हेही त्याबरोबर पाहिले पाहिजे.

प्रारंभ ‘मासिक मनोरंजन’पासून करणे योग्य होईल. हे मासिक १८९५ साली मुंबईत निघाले आणि मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो याच मासिकाने १९०९ साली काढला. त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र. ‘मित्र’ हे आडनाव ऐकून कोणालाही हे गृहस्थ बंगाली असावेत असे वाटेल. मूळचे ते आजगावकर. बंगाली भाषेचा आणि वाङ्मयाचा त्यांना एवढा ध्यास लागला की आडनावही त्यांनी तिकडचेच घेतले. संपादकाचा असा एखादा छंद वाचकाला केवढा लाभतो, याचे हे नमुनेदार उदाहरण आहे. विठ्ठल सीताराम गुर्जर यांच्यासारखा बंगाली जाणणारा कथाकार मित्रांच्या भोवती आला आणि प्रभातकुमार मुखोपाध्याय यांच्या कथांची धाटणी मराठी घरांत रुळली. गुर्जरांनी पुढे शेकड्यांनी गोष्टी लिहिल्या. लांबलचक कादंबरीची हप्त्याहप्त्याने वाट पाहणाऱ्या वाचकाला एका बैठकीत संपणाऱ्या गोष्टीची गोडी ज्यांनी लावली, त्यांत ‘मनोरंजन’चा वाटा मोठा आहे.

पण मित्रांच्या काळी लागलेल्या या वळणाचे फळ कोठून कसे आले ते पाहा. मित्र १९२० साली वारले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२२ साली, याच मासिकात ‘अंगणातला पोपट’ ही दिवाकर कृष्ण यांची कथा आली आणि मराठी कथा मनाच्या आत डोकावू लागली असे जाणकार मानतात. हे दिवाकर कृष्ण केळकर कोण? पुढे ते निजामाच्या हैदराबादेत वकिली करीत राहिले. कायद्याची भाषा कोरडी, सभोवतालची भाषा उर्दू आणि तेलुगू. अशा ठिकाणी आयुष्य काढणाऱ्या माणसाने मराठी कथेला तिचा हळवा, अंतर्मुख सूर द्यावा, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. पुण्यामुंबईच्या साहित्यिक बैठकींपासून दूर असलेल्या माणसाला स्वतःशीच बोलण्याची सवय लागते. ती सवय त्याच्या लेखनात उतरली असेल काय? असेल असे मला वाटते. सिद्ध करता येणार नाही.

जाता जाता टोपणनावांविषयी. त्या काळची अनुक्रमणिका टोपणनावांनी भरलेली असे. रसिकतेचा शोक म्हणून आपण तिच्याकडे पाहतो, पण त्यामागे पुष्कळदा नोकरीची अडचण असे. ‘केशवसुत’ म्हणजे कृष्णाजी केशव दामले हे शाळामास्तर. ‘बी’ म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते हे वऱ्हाडातल्या सरकारी कचेरीतले कारकून. जन्मभर त्यांनी एका अक्षराच्या आड राहणेच पसंत केले. साहेबाच्या टेबलावर फाइल ठेवणारा हात आणि कविता लिहिणारा हात एकच आहे, हे कचेरीत न कळलेलेच बरे, असा तो व्यवहार. यामुळे एक नुकसान मात्र झाले. लेखकाचे नाव झाकले गेले तसा त्याचा धंदाही झाकला गेला आणि वाचकाला वाटत राहिले की कविता ही कोठल्या तरी निराळ्या, कामधाम नसलेल्या माणसांची निर्मिती आहे.

आता मी अशा मासिकाकडे वळतो की ज्याचा जन्मच कामधामाच्या जागी झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. रंगांतला भेद डोळ्यांना नीट कळत नाही, असे आढळल्यामुळे त्यांना रंगकाम सोडावे लागले आणि ते यंत्रांकडे वळले. बेळगावात सायकलींची विक्री, मग कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर, असे करीत १९१० साली ते औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळ आले. औंधच्या अधिपतींनी त्यांना ३२ एकर माळ दिला. निवडुंगाने भरलेला आणि सापांसाठी प्रसिद्ध असलेला तो माळ म्हणजेच किर्लोस्करवाडी. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. आणि लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, जे कारखान्याच्या जाहिरातीचे काम पाहू लागले, तेही चित्रकला शिकलेले. नांगराच्या कारखान्याच्या मुळाशी अशी चित्रकलेची तीन माणसे असावीत, हा योगायोग खरा. पण पुढे जे घडले ते या योगायोगाशिवाय घडले नसते.

१९२० साली शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. नावाप्रमाणे ती खबरच होती. माल विकणारे अडते, नांगर घेणारे शेतकरी आणि कारखान्यातली माणसे यांना एकत्र बांधणारे ते पत्रक. मोटारीच्या कारखान्याने गिऱ्हाइकांसाठी मासिक काढावे, ही फोर्डची अमेरिकन रीत शंकररावांच्या नजरेस आलेली होती. परंतु नांगराच्या फाळाविषयी बारा महिने किती लिहिणार? शेतकरी अंक घरी नेई, घरातली शिकलेली माणसे तो वाचीत आणि त्यांना फाळापलीकडचेही काही हवे असे. हळूहळू ‘खबर’ मागे पडली, ‘किर्लोस्कर’ उरले. १९३० साली ‘स्त्री’ निघाले आणि १९३४ साली ‘मनोहर’. कुंडल रोडसारख्या आडगावच्या स्टेशनावरून तीन मासिके महाराष्ट्रभर जाऊ लागली.

आडगाव असणे ही या मासिकांची अडचण होती तशीच ती त्यांची शक्तीही होती. पुण्यातल्या संपादकाकडे संध्याकाळी चार लेखक सहज येऊन बसत आणि तेच चार लेखक पुढच्या अंकात दिसत. वाडीला कोण येणार? तेथे सारा व्यवहार टपालाने. संपादकाला पत्रे लिहूनच माणसे मिळवावी लागत, आणि पत्र एकदा लिहायचे ठरले की ते सदाशिव पेठेत जाते तसेच ते कोकणात, वऱ्हाडात, हैदराबादेत किंवा इंदुरातही जाते. शिवाय जवळची माणसे म्हणजे कारखान्यातली. ना. धों. ताम्हनकर हे विनोदी लेखक आणि मुलांचे लाडके कथाकार वाडीच्याच नोकरीतले. त्यांचा ‘दाजी’ आणि त्यांचा ‘गोट्या’ वाचताना घरे, माणसे, मुलांचे उद्योग इतके ओळखीचे वाटतात, याचे एक कारण असे की हा लेखक साहित्यिकांच्या वस्तीत राहत नव्हता; भोंग्याबरोबर कामाला जाणाऱ्या आणि भोंग्याबरोबर परतणाऱ्या कुटुंबांत राहत होता. ‘गोट्या’ची दूरदर्शनवर मालिका झाली ती १९९० साली, लेखक जाऊन एकोणतीस वर्षे झाल्यावर. ती पाहणाऱ्या मुलांना नांगराचा कारखाना ठाऊकही नव्हता.

याच टपालाने रत्नागिरीहूनही मजकूर येई. विनायक दामोदर सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत तेथे स्थानबद्ध होते. राजकारणात भाग घ्यायचा नाही, ही त्यांच्यावर अट. राजकारणाचा दरवाजा बंद झालेला हा माणूस विज्ञाननिष्ठा, जातिभेद, रूढी, पोथीनिष्ठा यांवर लिहू लागला आणि त्यांतले पुष्कळ निबंध ‘किर्लोस्कर’ने छापले. गाय हा उपयुक्त पशू आहे, देव नव्हे, असे सांगणारा त्यांचा निबंध शेतकऱ्याला नांगर विकणाऱ्या कारखान्याच्या मासिकात आला, हे लक्षात घेतले म्हणजे संपादकाच्या धाडसाची कल्पना येते. गिऱ्हाईक दुखावेल, ही भीती व्यापाऱ्याला पहिली. येथे व्यापारी आणि संपादक एकाच घरातले होते आणि तरी लेख छापला गेला. सावरकरांच्या राजकारणाविषयी मते काहीही असोत. बंदीतल्या माणसाला घरगुती वाचकापर्यंत पोचवणारी जागा कोणती होती, हा प्रश्न त्या मतांहून निराळा आहे.

आता थोडे हिशेबाचे. मासिकाचे उत्पन्न वर्गणी आणि जाहिराती यांचे. खर्चात कागद, खिळे जुळवणारे जुळारी, चित्रांचे ठसे, छपाई, बांधणी आणि टपालहशील. हे सर्व भागवून जे उरेल त्यातून लेखकाला द्यायचे, त्याचे नावच मानधन. त्यात मान पुष्कळ असे. या एका गोष्टीचे दोन परिणाम झाले आणि दोन्ही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. मासिकावर पोट भरत नाही म्हणून प्रत्येकाला दुसरा धंदा करावा लागला. त्यामुळे वकिलाचा, मास्तराचा, डॉक्टरचा, कारकुनाचा अनुभव आपोआप मासिकात आला. हा लाभ. परंतु पोट भरत नाही तरीही लिहायचे, तर पोट आधीच भरलेले हवे. संध्याकाळी दिवा हवा, टेबल हवे, कोरा कागद हवा, दोनदा ‘साभार परत’ आले तरी तिसऱ्यांदा पाठवण्याइतके टपालाचे पैसे हवेत. ज्याच्याकडे हे नव्हते त्याचा अनुभव आला नाही. याकडे मी शेवटी येतो.

लेखकांइतकीच चित्रकारांचीही हकीकत बोलकी आहे. रंगीत मुखपृष्ठ छापायचे तर प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा करावा लागे आणि तो खर्च मोठा असे; म्हणून सारी हौस दिवाळी अंकावर भागवली जाई. ही हौस पुरवणाऱ्यांत दोन नावे घरोघर पोचली, दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर. दोघेही गोव्याचे, पोर्तुगीज अमलातल्या गोव्यातून मुंबईला आलेले. मुंबई इलाख्यातल्या मुलाला शाळेत जी चित्रे, जी पदके, जी सरकारी परीक्षा भेटत, त्याहून त्यांचे बालपण निराळे. देवळांतले उत्सव, नाटकांचे पडदे आणि हिरवागार मुलूख पाहून आलेल्या या दोघांनी मराठी घरातली ‘सुंदर स्त्री’ कशी दिसते ते ठरवून टाकले. दलालांनी १९४५ साली स्वतःचे ‘दीपावली’ काढले. मुळगावकरांची देवदेवतांची चित्रे दिनदर्शिकांवरून देवघरात गेली. त्यांच्या चित्रांत गोडवा अंमळ जास्त आहे असे माझे मत आहे, पण ज्या भिंतीवर दुसरे चित्रच नव्हते त्या भिंतीवर ते लागले, हेही विसरता येत नाही.

विनोदी चित्राकडे आलो की आणखी निराळी माणसे भेटतात. शि. द. फडणीस हे बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचे. १९५२ सालच्या ‘मोहिनी’च्या दिवाळी अंकावर त्यांनी एक चित्र काढले. एका तरुणाच्या सदऱ्यावर मांजरांची नक्षी आणि शेजारच्या तरुणीच्या साडीवर उंदरांची. खाली एक शब्द नाही. संपादक अनंत अंतरकर यांनी असले बिनशब्दाचे हास्यचित्र थेट मुखपृष्ठावर घेतले आणि वाचकाने ते डोक्यावर घेतले. दुसरे वसंत सरवटे. कोल्हापूरचे हे गृहस्थ व्यवसायाने स्थापत्य अभियंता. मुंबईत सिमेंट कंपनीच्या नोकरीत तुळया आणि स्लॅब यांचा हिशेब करण्यात त्यांची १९८७ पर्यंतची वर्षे गेली. त्याच वर्षांत ‘सत्यकथा’, ‘मौज’, ‘ललित’ यांच्या पानांवर त्यांची चित्रे येत होती. ‘ललित’ १९६४ साली निघाले तेव्हापासून त्याचे दिवाळी मुखपृष्ठ म्हणजे सरवटे, असे समीकरणच झाले. इमारतीच्या आराखड्यात फालतू रेघ चालत नाही. सरवट्यांच्या चित्रातही फालतू रेघ सापडत नाही. दोन्हींचा संबंध मी जोडतो आहे तो जोडण्याचा मोह होतो म्हणून. खुद्द चित्रकाराने तो मान्य केला असता की नाही, कोण जाणे.

आणि बायका? ‘स्त्री’ मासिक निघाले तेव्हा त्याचे संपादक पुरुष होते, हे आज ऐकताना कानाला खटकते. पण १९३० साली लिहित्या बाईला मोकळेपणाने नाव सांगणे किती जड होते, ते त्या वेळच्या एका दुसऱ्या प्रकरणावरून समजते. १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला आणि वादळ उठले. ही बाई कोण, की हा कोणी पुरुषच, याची चर्चा गावोगाव झाली. लिहिणारी होती बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. कर्व्यांच्या संस्थेत शिकलेली आणि शिक्षिकेची नोकरी केलेली मुलगी. लग्न लांबलेल्या, कमावत्या, शिकलेल्या मुलींचे मन तिने लिहिले, कारण ती त्यांच्यातच वावरत होती. पुढे सोलापूरला, सरकारने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत तिने अधिकारी म्हणून काम केले आणि त्यातून १९५० साली ‘बळी’ ही कादंबरी आली. दहा वाजताची जागा बदलली तसे लेखन बदलले, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

चुलीसमोरच्या जागेचे उदाहरण कमलाबाई ओगले यांचे. जन्म कुंडलचा, म्हणजे किर्लोस्करवाडीच्या शेजारचा, शाळा चौथीपर्यंत, स्वयंपाक शिकला तो सांगलीला सासूबाईंच्या हाताखाली. १९७० साली किर्लोस्करांकडून त्यांची ‘रुचिरा’ निघाली आणि लाखावर प्रती खपल्या. तोवर पाककृती म्हणजे ‘अंदाजाने मीठ घालावे’ असा मामला होता. कमलाबाईंनी वाटी आणि चमचा ही मापे दिली. घरापासून दूर, बिऱ्हाड करून राहणाऱ्या मुलीला सासू नसते, आई जवळ नसते. तिला अंदाज कोण शिकवणार, हे त्यांना बरोबर कळले. चौथी शिकलेल्या बाईचा ग्रंथ पदवीधर मुलींच्या घरात गेला, याला मी मराठी प्रकाशनातली एक मोठी घटना समजतो. साहित्याच्या इतिहासात तिला ओळ मिळत नाही, तो इतिहासाचा दोष. ‘स्त्री’च्या संपादकवर्गात १९६४ साली विद्या बाळ आल्या, त्या पुणे आकाशवाणीवर काम करून. १९८३ ते १९८६ त्या संपादक होत्या आणि १९८९ साली त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ हे स्वतःचे मासिक काढले. ज्या मासिकाचा प्रारंभ पुरुषाने बायकांसाठी केला, त्यात तयार झालेल्या बाईने बायकांचे मासिक काढावे, एवढा हा जवळजवळ साठ वर्षांचा प्रवास आहे.

इथवर जी नावे घेतली ती पुन्हा एकदा मनात आणा. वकील, मास्तर, कारकून, अभियंता, कारखान्यातला नोकर, स्थानबद्ध, गृहिणी. विविधता आहे, यात शंका नाही. परंतु थोडे खाली वाकून पाहिले तर ही बहुतेक माणसे गावातल्या चारदोन आळ्यांतूनच आलेली दिसतात. ज्या शेतकऱ्यासाठी ‘खबर’ निघाली तो वाचक म्हणून आत आला. लेखक म्हणून फारसा आला नाही. कारखान्यातला ओतारी नांगराचा फाळ ओतीत होता, त्याच्या हातची गोष्ट छापली गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही. संपादकांनी दार लावून घेतले होते असे मी म्हणत नाही. दिवा, टेबल आणि टपालाचे पैसे यांविषयी मघाशी बोललो ते पुष्कळसे खरे आहे. त्यात भाषेची भर घाला. अनुनासिके आणि ऱ्हस्वदीर्घ ज्याच्या घरात बोलले जात नाहीत, त्याचा मजकूर पहिल्या ओळीलाच ‘साभार परत’च्या ढिगात जाई आणि परत करणाऱ्याला आपण अन्याय केला असे वाटतही नसे.

म्हणून वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, ज्यांना शाळा जवळजवळ लाभलीच नाही आणि जे गिरणीत खपले, ते प्रथम कामगार चळवळीच्या पत्रांत दिसतात, घरगुती मासिकात नव्हेत. अनेक हातमजुऱ्या केलेले बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ साली आला तेव्हा प्रतिष्ठित वाचकाला जो धक्का बसला, तो कथांमधल्या दुःखाचा होता तसाच, हे दुःख इतकी वर्षे आपल्या टेबलावरच्या मासिकात कसे आले नाही, याचाही असायला हवा होता. पुढे १९६०च्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादेत, बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात, गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवले. मराठवाड्यातल्या खेड्यांतून शिकायला आलेली मुले त्यात लिहू लागली. ‘शुद्ध’ लिहिले आहे काय, हा प्रश्न तेथे पहिला नव्हता, आणि म्हणून जी माणसे सत्तर वर्षांत आली नाहीत ती दहा वर्षांत आली.

कोणी म्हणेल, आधी शिक्षण पोचायला हवे, मग लेखक येणार. घाई करून काय उपयोग? या युक्तिवादाला एक जुने उत्तर आहे. ‘ज्ञानोदय’ हे अहमदनगरला १८४२ साली निघालेले मिशनऱ्यांचे पत्र. त्याच्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत मांग आणि महार यांच्या दुःखाविषयीचा एक निबंध दोन भागांत छापलेला आहे. लिहिणारी मुक्ता साळवे, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत जेमतेम तीन वर्षे शिकलेली, चौदा वर्षांची मांगाची मुलगी. आपल्याला वेद वाचायचा अधिकार नाही, तर मग आपला धर्म कोणता, असा प्रश्न तिने त्यात विचारला आहे. ‘मनोरंजन’ निघण्याच्या चाळीस वर्षे आधीची ही गोष्ट. त्या निबंधापलीकडे तिने लिहिलेली एकही ओळ आज आपल्याला उपलब्ध नाही.